प्रकृतीची चौकशी

पत्राच्या आरंभी ‘येथील सर्व कुशल’ असे लिहून अखेरीस ‘प्रकृतीस जपावे’ असे बजावण्याची रीत आपल्याकडे इतकी अंगवळणी पडली होती की, पोस्टकार्डावर दुसरे काही मावले नाही तरी ही दोन वाक्ये मावत असत; आणि आता पत्रे लिहिण्याची चाल मोडली तरी भेटीगाठीत पहिला प्रश्न प्रकृतीचाच असतो. त्या प्रश्नाला उत्तर म्हणून मनुष्य आपल्या गुडघ्यांचे सांगतो, साखरेचे सांगतो, रक्तदाबाचा वरचा आणि खालचा असे दोन्ही आकडे सांगतो. परंतु गेले तीन महिने आपल्याला अन्न गोड लागत नाही, नातवंडे अंगाखांद्यावर खेळत असतात तेव्हा आपण तेथे नसतोच, पहाटे तीनच्या सुमारास जाग येते ती उजाडेपर्यंत आढ्याकडे पाहण्यात जाते, हे मात्र तो सांगत नाही, आणि विचारणाऱ्याचीही ते ऐकण्याची तयारी नसते. वास्तविक प्रकृती हा शब्द केवढा विस्तीर्ण! सांख्यांच्या मते मन, बुद्धी आणि अहंकार ही देखील प्रकृतीचीच अपत्ये. पण आपण त्या शब्दाची हद्द आवळत आवळत ती कातडीच्या आत आणि मानेच्या खाली आणून ठेवली आहे.

प्रस्तुत पुस्तक ही हद्द पूर्ववत करण्याचा एक प्रयत्न आहे. ते ज्यांनी लिहिले ते डॉक्टर एका तालुक्याच्या गावी गेली तीस वर्षे व्यवसाय करीत आहेत; ते मनोविकारतज्ज्ञ नव्हेत, ताप-खोकला पाहणारे साधे डॉक्टर आहेत, आणि माझ्या कचेरीतील एका जुन्या सहकाऱ्याचे चिरंजीव असल्यामुळे मला ‘काका’ म्हणतात. ‘काका, प्रस्तावना तुम्हीच लिहायची,’ असे ते म्हणाले तेव्हा मी त्यांना समजावून पाहिले की, महसूल खात्यात कारकून म्हणून चिकटून अव्वल कारकून म्हणून बाहेर पडलेल्या मनुष्याचा वैद्यकाशी संबंध काय तो रजेच्या अर्जासोबत जोडावयाच्या दाखल्यापुरता. त्यावर ते हसून म्हणाले, ‘पण काका, वेडसर हा शब्द तुम्ही सरकारी कागदावर लिहिलेला आहे ना?’ ही गोष्ट मीच त्यांना पूर्वी कधीतरी सांगितली होती. ती पुढे येईलच.

तत्पूर्वी भाषेविषयी थोडे. मनाचे दुखणे ही कल्पनाच विलायतेहून आलेली असून तिला आपल्या बोलीत शब्द नाहीत, अशी तक्रार कधी कधी ऐकू येते. वस्तुतः परिस्थिती नेमकी उलट आहे. माणूस एखाद्या अवचित भयाने आतून मोडला म्हणजे त्याने ‘धसका घेतला’ असे आपण म्हणतो. एखाद्या वार्तेने त्याची जगण्याची उमेदच नाहीशी झाली म्हणजे त्याने ‘हाय खाल्ली’. अपमान किंवा अन्याय बोलून न दाखवता आतल्या आत मुरवीत बसणे हे ‘कुढणे’, आणि दुरावलेल्या माणसासाठी किंवा न मिळालेल्या वस्तूसाठी क्षीण होत जाणे हे ‘झुरणे’. कुढण्यात राग असतो, झुरण्यात तो नसतो. आणि हा भेद माझ्या आजीला, जिला अक्षरओळख नव्हती, पक्का ठाऊक होता. या दोहोंचा परिणाम देहावर दिसू लागला म्हणजे माणूस ‘खंगतो’. ज्याला कशातच रस उरलेला नाही त्याला ‘करमेनासे’ होते, ज्याचे लक्ष ठरत नाही त्याचे ‘चित्त थाऱ्यावर नसते’, आणि ज्याला कारणावाचून धडकी भरते त्याचा ‘जीव घाबरा होतो’. यातील एकही शब्द त्या मनुष्याला वेडा ठरवीत नाही. तो आपल्यातलाच एक असून सध्या त्याचे बरे चाललेले नाही, एवढेच हे शब्द सांगतात. अलीकडे हा सगळा जामदारखाना रिकामा करून त्याच्या जागी ‘टेन्शन’ या एकाच नाण्यावर व्यवहार चालू आहे. भीतीलाही टेन्शन, शोकालाही टेन्शन आणि कर्जालाही टेन्शन. नाणे चलनी आहे खरे, परंतु त्याने दिलेला हिशेब नेमका लागत नाही.

‘स्वस्थ’ या शब्दाची हकीकतही अशीच आहे. जो स्वतःच्या ठायी स्थित आहे तो स्वस्थ. सुश्रुताने अशा पुरुषाचे लक्षण सांगताना दोष, अग्नी, धातू आणि मल यांचे साम्य सांगून भागवले नाही, तर आत्मा, इंद्रिये आणि मन यांची प्रसन्नताही त्याच व्याख्येत घातली. मराठीत मात्र स्वस्थ म्हणजे गप्प. ‘स्वस्थ बस’ हे आपण मुलाला दटावताना म्हणतो. ज्या घरात जो सर्वांत गप्प असतो तोच सर्वांत स्वस्थ समजला जातो, त्या घरात कुढणाराची दखल कोणी आणि कशी घ्यावी?

बोलीत इतके बारकावे असताना व्यवहारात दोनच कोटी का उरल्या, शहाणा आणि वेडा, याचा विचार मी सेवानिवृत्तीनंतर पुष्कळ केला, आणि माझ्या अल्पमतीप्रमाणे त्याचे एक कारण दप्तरात आहे. कंपनी सरकारची अखेर होऊन राणीचे राज्य सुरू झाले त्याच १८५८ साली वेड्यांच्या मालमत्तेविषयी आणि वेड्यांच्या आश्रयस्थानांविषयी कायदे झाले. पुढे १९१२ साली या विषयाचा एकत्रित कायदा झाला, आणि त्यात वेड्याची व्याख्या जन्मतः मतिमंद अथवा बुद्धिभ्रष्ट मनुष्य अशी दोन शब्दांत आटोपली. त्या कायद्याचा सगळा रोख मॅजिस्ट्रेटकडे. नातलगाने अर्ज करावा, त्यासोबत दोन वैद्यकीय दाखले जोडावेत, मॅजिस्ट्रेटने हुकूम काढावा आणि मग रोग्यास दाखल करून घ्यावे. जो बेवारस भटकताना आढळेल त्याला पोलीस अंमलदाराने पकडून मॅजिस्ट्रेटपुढे उभे करावे. म्हणजे मनाच्या रोग्याचा आणि शासनाचा पहिला संबंध येई तो वैद्याच्या ओसरीवर नव्हे, कचेरीच्या पायरीवर. आणि कचेरीला लागतो तो हो किंवा नाही एवढाच निकाल. धसका, हाय, कुढणे, झुरणे यांना कायद्यात कलम नव्हते. हा कायदा १९८७ च्या कायद्याने रद्द झाला, आणि तो नवा कायदा प्रत्यक्ष अमलात येण्यास १९९३ साल उजाडले. म्हणजे ऐंशीहून अधिक वर्षे, स्वातंत्र्याच्या आधी आणि नंतरही, आपण या एकाच कागदावर चाललो.

महाराष्ट्रात सरकारी मनोरुग्णालये चार ठिकाणी आहेत: येरवडा, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी. या गावांच्या नावांचे पुढे काय झाले हे वाचकांस सांगावयास नको. पुण्यात कोणी विसंगत बोलला की त्याला येरवड्यास पाठवण्याची भाषा होते, मुंबईत ठाण्यास, कोकणात रत्नागिरीस. सार्वजनिक विनोदाला असे ठिकाण सापडले म्हणजे त्या ठिकाणी उपचारासाठी जाणे किती कठीण होते, याचा विचार विनोद करणारा करीत नाही. मीही केला नव्हता. आमच्या कचेरीत दुपारच्या चहाच्या वेळी हा विनोद दिवसाआड होत असे, आणि त्याला हसणाऱ्यांत मी कधी मागे नव्हतो.

आता ‘वेडसर’ शब्दाची ती हकीकत. १९७२ च्या दुष्काळानंतर दोन वर्षांची गोष्ट. एका खेड्यात दोघा भावांच्या सामाईक जमिनीच्या नोंदीवर धाकट्याने अर्ज दिला होता की, वडील भाऊ वेडसर झाला असून त्याच्या हिश्शाची वहिवाट आपण पालनकर्ता या नात्याने पाहतो, सबब तशी नोंद व्हावी. सर्कलसाहेबांबरोबर जबाब लिहून घेण्यास मी गेलो होतो. चावडीच्या बाहेर लिंबाखाली तो वडील भाऊ उकिडवा बसला होता, अंगात बंडी, डोक्याला मुंडासे व्यवस्थित बांधलेले. साहेबांनी त्याला गट नंबर विचारले, त्याने बरोबर सांगितले. चतुःसीमा विचारल्या, त्याही सांगितल्या. पूर्वेच्या बांधावरील बाभळ कोणाच्या मालकीची याविषयी तलाठ्याची चूकही दुरुस्त केली. धाकटा घाईघाईने म्हणाला, ‘तसं सगळं येतं त्याला साहेब, पण दुष्काळात बैलजोडी इकली तवापासून त्यो कामाला हात लावत न्हाई, कुणाशी बोलत न्हाई.’ साहेबांनी त्यालाच विचारले, ‘काय रे, काय होतं तुला?’ तो बराच वेळ जमिनीकडे पाहत राहिला आणि म्हणाला, ‘काय न्हाई. रातच्याला दावणीकडं कान लागतो. डोळ्याला डोळा लागत न्हाई.’

त्या उत्तराला आमच्या कागदात रकाना नव्हता. दुष्काळाच्या दिवसांत त्याने खडी फोडण्याच्या कामावर हजेरी लावली होती, सुकडी खाऊन दिवस काढले होते, आणि त्या सगळ्यात तो उभा होता; पाऊस परत आल्यावर, पेरणीच्या दिवसांत रिकाम्या दावणीपुढे तो बसला. धाकटा भाऊ लबाड होता असे मला तेव्हा वाटले नाही आणि आजही वाटत नाही. पीककर्जासाठी सही कोणाची घ्यावयाची हा त्याचा खरा पेच होता. साहेबांनी घड्याळात पाहिले, मी जबाबाचा गोषवारा केला, आणि माझे अक्षर कचेरीत वळणदार म्हणून नावाजलेले असल्यामुळे शेऱ्याच्या जागी ‘वेडसर’ हा शब्दही मीच लिहिला. तो किती सुबक उतरला होता हे मला अजून आठवते.

आपल्या प्राचीन वैद्यकाने हा घोटाळा केला नसता, असे म्हणण्याचा मोह येथे होतो. चरकाने शरीराचे दोष तीन सांगितले तसे मनाचे रज आणि तम असे दोन सांगितले. धी, धृती आणि स्मृती यांच्या भ्रंशातून जे अविचारी आचरण घडते त्याला प्रज्ञापराध म्हणून रोगाच्या कारणांत बसवले. आणि मंत्र-बलींचे दैवव्यपाश्रय व औषध-आहाराचे युक्तिव्यपाश्रय यांच्या जोडीला मनाला अहिताकडून आवरण्याचे सत्त्वावजय अशी चिकित्सेची तिसरी वाट स्वतंत्रपणे सांगितली. हे सर्व अभिमानास्पद आहे यात शंका नाही. परंतु गावोगाव जे प्रत्यक्ष उरले ते या तिहींपैकी पहिलेच, तेही अंगारा, उतारा आणि चाबूक या रूपात. ज्यांना ग्रंथांचा अभिमान आहे त्यांनी अमावास्येच्या रात्री एखाद्या जागृत म्हणवणाऱ्या स्थानी खांबाला बांधलेली माणसे पाहावीत. तमिळनाडूतील एरवाडी येथे २००१ च्या ऑगस्ट महिन्यात अशाच एका ठिकाणी आग लागली तेव्हा साखळदंडांनी जखडलेले २८ जण पळता न आल्यामुळे जळून मेले.

याच संदर्भात एका गोमंतकीयाचे स्मरण करणे उचित होईल. पणजीत जुन्या सचिवालयाशेजारी एक विलक्षण पुतळा आहे: पायघोळ झगा घातलेला एक पाद्री दोन्ही हात पुढे पसरून उभा आहे आणि त्याच्यासमोर एक स्त्री निद्रावश होऊन मागे कलते आहे. हा आबे फारिया. १७५६ साली कांदोळीस जन्मला आणि १८१९ साली पॅरिसमध्ये निवर्तला. मेस्मरच्या अनुयायांचा त्या काळी असा दावा होता की, प्रयोग करणाराच्या देहातून एक चुंबकीय द्रव निघून रोग्यात शिरतो आणि गुण येतो. फारियाने सांगितले की, द्रव वगैरे काही नाही. जे घडते ते निजणाऱ्याच्याच चित्तात, त्याच्याच एकाग्रतेने आणि अपेक्षेने घडते. पॅरिसने त्याची टवाळी केली. अंगारा लावणाऱ्या भगताला आणि आपल्या हातगुणाचा डौल मिरवणाऱ्या डॉक्टरलाही हा सिद्धांत सारखाच गैरसोयीचा आहे, ही गोष्ट निराळी.

मनाचा देहाशी संबंध काय, याचे विवेचन ग्रंथकर्त्याने दोन प्रकरणांत केले आहे, आणि तो भाग सर्वांत सरस उतरला आहे असे माझे मत आहे. भयाच्या क्षणी हृदय का धडधडते, तोंडाला कोरड का पडते, पोटात खड्डा का पडतो, हे वॉल्टर कॅनन याने विसाव्या शतकाच्या आरंभी दाखवून दिले: देह लढण्याची किंवा पळण्याची तयारी करीत असतो. पुढे १९३६ साली हान्स सेली याने दाखवले की, हा ताण दीर्घकाळ टिकला म्हणजे देहाची झीज होते, मग ताणाचे कारण कोणतेही असो. वाघ समोर आला तर ही तयारी उपयोगी पडते, कारण वाघ पाच मिनिटांत जातो. सावकार जात नाही, सासुरवासही जात नाही. मग धडधड होते ती छातीत, दुखते ते डोके, जळजळते ते पोट, मुंग्या येतात त्या हातापायांना. आणि मनुष्य या सगळ्याची फिर्याद घेऊन हृदयाच्या, पोटाच्या आणि हाडांच्या डॉक्टरांकडे क्रमाने फिरतो. डॉक्टरांनी एका बाईचे वर्णन केले आहे. ती आली तेव्हा तिच्याबरोबर कापडाच्या दुकानातली एक मोठी पिशवी होती. तिच्यात आठ वर्षांचे केसपेपर, चार एक्स-रे, तीन ईसीजी आणि सोनोग्राफीचे अहवाल, सगळे ‘नॉर्मल’. ती पिशवी तिने टेबलावर उपडी केली आणि म्हणाली, ‘सगळे म्हणतात तुला काही झालं नाही. मग होतंय ते काय?’ मनाचे दुखणे आपल्याकडे शरीराचा परवाना घेतल्यावाचून दवाखान्याचा उंबरठा ओलांडू शकत नाही, आणि परवाना खोटा निघाला की दुखणेच खोटे ठरते.

याच्या उलट बाजूही आहे, आणि ती मी माझ्या घरात पाहिली. माझी थोरली बहीण मधुमेही होती. मेहुणे गेल्यावर ती आमच्याकडे राहावयास आली. वेळेवर जेवत नसे, फिरावयास जात नसे, आणि पुढे पुढे गोळ्याही घेईनाशी झाली. गोळ्यांची पाकिटे कोनाड्यात समईमागे न फोडता तशीच सापडत. आम्ही सगळे तिच्यावर रागावत असू. ‘ताई, तू स्वतःची काळजीच घेत नाहीस,’ हे वाक्य मी तिला किती वेळा ऐकवले याचा हिशेब नाही. तिच्या पायाची जखम चिघळली आणि ती गेली. मृत्यूच्या दाखल्यावर मधुमेहाची नोंद झाली, आणि ती खोटी होती असे कोण म्हणेल? परंतु मधुमेही माणसांत विषादाचे प्रमाण इतरांच्या सुमारे दुप्पट आढळते, आणि जो विषादाने ग्रासला आहे त्याला उद्याच्या देहासाठी आज गोळी गिळण्याचे प्रयोजनच दिसत नाही, हे मी या पुस्तकाच्या हस्तलिखितात वाचले तेव्हा ती जाऊन वीस वर्षे झाली होती. क्षयाच्या रोग्याची गोष्ट हीच: सहा-सहा महिने रोजचे औषध घ्यावयाचे असते, आणि ते घेण्याचे काम फुप्फुसाचे नव्हे. औषध कितीही गुणकारी असो, ते रोग्याच्या हातून त्याच्या मुखात जाते आणि त्या हाताचा मुखत्यार मन असते.

जागतिक आरोग्य संघटनेची घटना १९४६ साली तयार झाली तेव्हा तिच्यात आरोग्य म्हणजे केवळ रोगाचा अभाव नसून शारीरिक, मानसिक आणि सामाजिक सुस्थिती होय, असे लिहिले गेले. त्या संघटनेचे पहिले महासंचालक ब्रॉक चिझम हे कॅनडातील मनोविकारतज्ज्ञच होते. त्याच १९४६ साली आपल्याकडे भोर समितीचा अहवाल आला. त्यात नोंद आहे की, सुमारे चाळीस कोटींच्या या देशात मनोरुग्णालयांतील खाटा दहा हजारांच्या आसपास होत्या. व्याख्या आणि वस्तुस्थिती एकाच वर्षी शेजारी शेजारी छापून आल्या, इतकेच. पुढे खाटा वाढल्या, १९५४ साली बंगळूरला अखिल भारतीय संस्था निघाली, १९८२ साली राष्ट्रीय कार्यक्रम जाहीर झाला. तरीही २०१५-१६ च्या राष्ट्रीय पाहणीत प्रौढांपैकी दहा टक्क्यांहून थोडे अधिक लोक कोणत्या ना कोणत्या मनोविकाराने त्या वेळी पीडित आढळले, आणि विकारपरत्वे त्यांतील सत्तर ते ब्याण्णव टक्के लोकांना उपचार मिळत नव्हते. ही पाहणी बारा राज्यांत झाली. त्या बारांत महाराष्ट्र नव्हता, म्हणून आपण निश्चिंत राहावे असे मात्र नाही. २०२२ साली देशात १,७०,९२४ आत्महत्यांची नोंद झाली आणि राज्यवार यादीत पहिले नाव महाराष्ट्राचे होते.

ज्यांनी काही केले त्यांच्याविषयी बोलणे अधिक आनंदाचे आहे. १९५० च्या दशकात अमृतसरच्या मनोरुग्णालयात डॉ. विद्यासागर यांनी रोग्यांच्या नातलगांना आवारात तंबू ठोकून दिले. नातलग रोग्यापाशी राहत, त्याची शुश्रूषा करीत, डॉक्टर त्यांच्यात बसून आजार समजावून सांगत, आणि रोगी बरा झाला म्हणजे त्याला घेऊनच परतत. ज्या संस्थेची सारी रचना रोग्याला घरापासून तोडण्यासाठी झाली होती तिच्या अंगणात घरच आणून बसवण्याची ही युक्ती साधी होती. पण साध्या युक्त्यांना आधी कोणीतरी कुंपणाचे फाटक उघडावे लागते. येरवड्याच्या रुग्णालयातही तसे घडले. तेथे मनोविकारतज्ज्ञ म्हणून काम करणाऱ्या डॉ. अनिता अवचट आणि त्यांचे पती, लेखक डॉ. अनिल अवचट, यांनी १९८६ साली पु. ल. देशपांडे प्रतिष्ठानच्या साहाय्याने त्याच आवारात ‘मुक्तांगण’ सुरू केले, आणि जो पत्ता आपण थट्टेत वापरीत होतो त्या पत्त्यावर व्यसनाने ग्रासलेली माणसे आपल्या पायांनी येऊ लागली. कॅलगरी विद्यापीठात संख्याशास्त्र शिकवणारे डॉ. जगन्नाथ वाणी यांनी तर घरातल्याच आजाराचा अनुभव गाठीशी घेऊन पुण्यात छिन्नमनस्कतेच्या रोग्यांच्या कुटुंबांसाठी संस्था काढली, आणि सुमित्रा भावे व सुनील सुकथनकर यांच्या ‘देवराई’ या २००४ सालच्या चित्रपटाच्या पाठीशी ते उभे राहिले. त्या चित्रपटानंतर कित्येक घरांत हा आजार प्रथमच नाव घेऊन बोलला गेला.

परंतु ग्रंथकर्त्याला सर्वांत जवळचा वाटतो तो गोव्यातील प्रयोग, आणि त्याचे कारण उघड आहे. मनोविकारतज्ज्ञ लाखामागे एकही नाही अशा देशात तज्ज्ञाची वाट पाहत बसणे म्हणजे उपचार न करणेच होय. हे ओळखून ‘संगाथ’ या संस्थेने आणि डॉ. विक्रम पटेल यांनी वैद्यकाची पदवी नसलेल्या, स्थानिक भाषा बोलणाऱ्या स्त्री-पुरुषांना शिकवून प्राथमिक आरोग्य केंद्रांत समुपदेशक म्हणून बसवले. विषादाने ग्रासलेल्या रोग्याशी सहा ते आठ बैठकांत बोलावयाचे, त्याने सोडून दिलेल्या गोष्टींपैकी एकेक लहानशी गोष्ट पुन्हा सुरू करावयास लावावयाची, आणि पुढच्या खेपेस तिची विचारपूस करावयाची, अशी त्या उपचाराची पद्धत. रीतसर तुलना करून काढलेले त्याचे निष्कर्ष २०१७ साली प्रसिद्ध झाले आणि नेहमीच्या उपचारापेक्षा हा उपचार सरस ठरला. ‘हे तर आमची आजी करीत असे,’ असे कोणी म्हणेल. करीत असे खरी. फक्त ती पुढच्या आठवड्यात त्याच वारी, त्याच वेळी, त्याच गोष्टीची आठवण ठेवून विचारीत नसे, आणि सगळी मेख त्यातच आहे.

कायद्यानेही उशिरा का होईना कूस बदलली. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने रोग्यास साखळदंड घालण्यास मनाई केली, विम्याच्या बाबतीत मनाचा आजार देहाच्या आजाराच्या पंक्तीस बसवला, आणि आत्महत्येचा प्रयत्न करणारा हा अपराधी नसून तीव्र ताणाखाली असलेला मनुष्य होय असे गृहीत धरावे, असे सांगितले. असा प्रयत्न गुन्हा ठरवणारे १८६० च्या दंडसंहितेतील ३०९ वे कलम सरसकट स्वरूपात नव्या संहितेत आलेच नाही. गळफासातून सोडवलेल्या माणसाच्या उशाशी डॉक्टरच्या आधी हवालदार बसलेला मी पाहिला आहे. म्हणून या दुरुस्तीचे मोल मला वाटते तेवढे कदाचित तरुण वाचकांस वाटणार नाही.

ग्रंथकर्त्याशी माझा एका ठिकाणी मतभेद आहे आणि तो नमूद करणे हे प्रस्तावनाकाराचे कर्तव्य आहे. बोलल्याने हलके होते यावर त्यांचा फार भरवसा आहे. ज्याच्या सातबारावर बोजा चढलेला आहे आणि ज्याच्या विहिरीने तळ गाठला आहे त्याच्याशी आठ बैठका बोलून त्याचा बोजा उतरत नाही. त्याला समुपदेशन हवे तसेच नुकसानभरपाईही हवी, आणि ती वेळेवर हवी. लिंबाखालच्या त्या माणसाला कोणी वेळीच एक बैल दिला असता तर ‘वेडसर’ हा शब्द मला लिहावा लागला असता की नाही, हे मला ठामपणे सांगता येणार नाही. डॉक्टरांना मी हे बोलून दाखवले. ते म्हणाले, ‘बैल मिळाल्यावरही ज्याला उठवत नाही तो माझा रोगी, काका, पण तो कोण हे कळायला आधी दोघांनाही विचारावं लागतं.’ हे उत्तर मला पटले असे म्हणवत नाही, पण खोडताही आले नाही. ‘अंगात येणे’ या प्रकरणात मात्र त्यांनी हात फारच आखडता घेतला आहे. गावातच राहावयाचे असल्यामुळे असेल.

हस्तलिखित परत करावयास मी त्यांच्या दवाखान्यात गेलो होतो. बाकावर गर्दी होती, म्हणून कंपाउंडरच्या टेबलाशी बसलो. तेथे मला एक शिक्का दिसला. प्रत्येक केसपेपरावर वजन आणि रक्तदाब यांच्या खाली तो उमटवला जातो, आणि त्यात तीनच शब्दांच्या पुढे रिकामी जागा आहे: झोप, भूक, करमते का. खोकल्याचा रोगी असो की पाय मुरगळलेला, या तिन्ही जागा भरल्यावाचून कागद आत जात नाही. शिक्क्याचे रबर झिजून गेले होते आणि शेवटचा शब्द तर वाचवतच नव्हता. नवा करून घ्यावयाचा आहे असे डॉक्टर म्हणाले, आणि टेबलाच्या खणातून एक कोरा कागद व बोरू काढून माझ्यापुढे ठेवीत म्हणाले, ‘काका, तुमचं अक्षर चांगलं आहे. यावेळी तुम्हीच लिहून द्या.’ मी तिन्ही शब्द लिहून दिले. ‘करमते का’ हे दोनदा लिहावे लागले, कारण पहिल्या खेपेस हात हलला.